विश्लेषण : पानिपतचं युद्ध खरंच संक्रांतीच्या दिवशी झालं होतं का? 14 जानेवारीचा घोळ नेमका काय आहे?

दरवर्षी जानेवारीचा दुसरा आठवडा उजाडला की एक मेसेज व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रत्येक ग्रुपवर फिरू लागतो. ‘14 जानेवारी 1761. संक्रांतीचा दिवस. पानिपतावर मराठ्यांची एक पिढी कापली गेली आणि तेव्हापासून मराठीत संक्रांत कोसळणे हा वाक्प्रचार आला.’ खाली हात जोडलेले, वर भगवा झेंडा. मेसेज वाचून अंगावर काटा येतो, त्यामुळे तो पुढे पाठवलाही जातो. अडचण एवढीच की यातली युद्धाची तारीख बरोबर आहे, पण संक्रांत चुकीची आहे.

तिसरं पानिपत झालं ते बुधवारी, 14 जानेवारी 1761 रोजी. मराठी तिथी पौष शुद्ध अष्टमी, शके 1682. यावर वाद नाही. मात्र त्या वर्षी संक्रांत 14 जानेवारीला नव्हती, ती तीन-चार दिवस आधीच होऊन गेली होती.

संक्रांत 14 तारखेलाच येते ना?

आपले बाकीचे सण तिथीवर चालतात, म्हणून ते इंग्रजी कॅलेंडरवर पुढेमागे सरकतात. संक्रांत सूर्यावर चालते, म्हणून ती एका तारखेला ‘फिक्स’ आहे असं शाळेपासून सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे.

सूर्य मकर राशीत शिरतो ती वेळ आपली पंचांगं ताऱ्यांच्या हिशेबाने काढतात. या हिशेबाचं वर्ष साधारण 365 दिवस, 6 तास आणि 9 मिनिटांचं असतं. इंग्रजी कॅलेंडर ऋतूंशी जुळवलेलं आहे आणि त्याचं सरासरी वर्ष 365 दिवस, 5 तास, 49 मिनिटांचं. दोघांत वर्षाला 20 मिनिटांचा फरक पडतो. ऐकायला किरकोळ वाटतो, पण 72 वर्षांत ही 20-20 मिनिटं साठून पूर्ण एक दिवस होतो. म्हणजे दर 72 वर्षांनी संक्रांत इंग्रजी कॅलेंडरवर एक दिवस पुढे सरकते. 2024 मध्ये ती 15 जानेवारीला आली तेव्हा ‘यंदा संक्रांत 15 ला कशी?’ असा प्रश्न अनेकांना पडला होता. लीप वर्षाच्या चक्रामुळे ती अधूनमधून एका दिवसाने मागेपुढे होतेच, पण त्याच्या जोडीला हे हळूहळू सरकणंही चालू असतं.

आता हाच हिशेब उलटा लावायचा. पानिपताला अडीचशेहून जास्त वर्षं झाली. 72 ने भागलं तर साडेतीन दिवसांहून जास्त फरक निघतो. 1761 ची संक्रांत त्यामुळे 10-11 जानेवारीच्या सुमारास येते.

गणितावर विश्वास नसेल त्यांच्यासाठी एक पडताळा सगळ्यांच्या ओळखीचा आहे. स्वामी विवेकानंदांचा जन्म 12 जानेवारी 1863 चा. ही तारीख आपण राष्ट्रीय युवा दिन म्हणून पाळतो. त्यांच्या चरित्रांत आवर्जून लिहिलेलं असतं की त्या दिवशी मकर संक्रांत होती. 1863 ला जर संक्रांत 12 तारखेला असेल, तर त्याच्या 102 वर्षं आधी ती 14 ला असणं शक्यच नाही. दोन्ही गोष्टी एकाच मोबाइलमध्ये, दोन दिवसांच्या अंतराने येतात. त्या शेजारी ठेवून पाहिल्या जात नाहीत, इतकंच.

मग युद्ध त्याच दिवशी का झालं?

हा प्रश्न मेसेजमुळे मागे पडतो, आणि खरं तर तोच महत्त्वाचा आहे. संक्रांतीचं नाव घेतलं की पराभव नशिबावर टाकता येतो. प्रत्यक्षात तारीख ठरवली ती उपासमारीने.

सदाशिवरावभाऊंची फौज आणि अब्दालीची फौज नोव्हेंबर 1760 पासून पानिपतजवळ समोरासमोर तळ देऊन होत्या. दोघांनी एकमेकांच्या रसदेच्या वाटा दाबायला सुरुवात केली. अब्दालीला दुआबातून, नजीबखानाच्या मुलखातून धान्य मिळत राहिलं. मराठ्यांसाठी त्याच भागात रसद तोडण्याचं आणि जमवण्याचं काम गोविंदपंत बुंदेले करत होते. डिसेंबरात ते मारले गेले. छावणीत लढणाऱ्यांच्या बरोबरीने यात्रेकरू, बायका-मुलं, बाजारबुणगे होते, त्यांनाही खायला लागत होतं. जानेवारी उजाडेपर्यंत माणसं आणि जनावरं दोन्ही भुकेने मरू लागली. शेवटी 13 जानेवारीच्या सुमारास सरदारांनी भाऊंसमोर एकच म्हणणं मांडलं : उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू. दुसऱ्या दिवशी सकाळी फौज बाहेर पडली.

दुपारपर्यंत इब्राहिमखान गारद्याच्या तोफा आणि बंदुकांनी अब्दालीची एक बाजू फोडत आणली होती. विश्वासराव गोळी लागून पडले, भाऊ गर्दीत शिरले, आणि संध्याकाळ व्हायच्या आत सगळं संपलं. यात ग्रहताऱ्यांचा काही संबंध दिसत नाही. रसद, अंतर, मित्र न जोडता येणं, ऐन थंडीत अर्धपोटी फौज घेऊन लढावं लागणं, ही कारणं पुरेशी आहेत आणि ती शिकण्यासारखीही आहेत.

राहिला वाक्प्रचार. पंचांगात दरवर्षी ‘संक्रांत’ नावाची देवी कोणत्या वाहनावर बसून येते, कोणतं वस्त्र नेसते, कुठून येते आणि कुठे बघते हे छापलेलं असतं. ती जिकडे बघते तिकडे संकट, ती जे वापरते ते महाग, ही समजूत घराघरात आहे. ‘त्याच्यावर संक्रांत आली’ म्हणायला एवढं पुरतं. त्यासाठी पानिपताची गरज नाही.

तारखा जुळतात, मग बिघडलं काय?

तारखा जुळणारच. वर्षात दिवस 366, आणि इतिहासात नोंदल्या गेलेल्या घटना हजारो. एका खोलीत 23 माणसं जमली तरी त्यातल्या दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख 14 जानेवारीचे (1896) आणि अभिनेत्री दुर्गा खोटेही 14 जानेवारीच्याच (1905). यातून कुणी काही अर्थ काढत नाही. प्लासीची लढाई 23 जून 1757 ला झाली आणि पानिपताच्या धक्क्यातून न सावरलेले नानासाहेब पेशवे पर्वतीवर वारले तेही 23 जूनला, 1761 मध्ये. या जुळणीवर एखादा मेसेज सहज तयार होईल, पण ती निव्वळ जुळणीच आहे.

कधी कधी तर जुळणीही नसते. ‘शिवराज्याभिषेक आणि दुसऱ्या महायुद्धातलं नॉर्मंडीचं लँडिंग, दोन्ही 6 जून’ असं वाचायला मिळतं. 6 जून 1674 ही तारीख तेव्हा इंग्रज वापरत असलेल्या जुन्या ज्युलियन कॅलेंडरची आहे. आजच्या कॅलेंडरने ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीचा तो दिवस 16 जूनला येतो. इंग्रजांनी 1752 मध्ये कॅलेंडर बदललं, 2 सप्टेंबरनंतर थेट 14 सप्टेंबर आला. पानिपत त्यानंतरचं असल्यामुळे त्याच्या तारखेत ही भानगड नाही.

बिघडतं ते वेगळ्याच ठिकाणी. ‘14 जानेवारी म्हणजे मराठ्यांवर संक्रांत’ हे एकदा पक्कं बसलं की त्या तारखेचं बाकी सगळं झाकलं जातं. 14 जानेवारी 1994 ला मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव जोडलं गेलं. विधिमंडळाने नामांतराचा ठराव 27 जुलै 1978 लाच केला होता. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या, माणसं मारली गेली, लाँग मार्च निघाला, आणि नाव यायला जवळपास सोळा वर्षं गेली. त्या विद्यापीठाच्या गेटवर 14 जानेवारीला हजारो लोक जमतात, ते ही लढाई जिंकल्याबद्दल. दिनविशेषांच्या अनेक याद्यांमध्ये ही नोंद एका ओळीची असते, कधी तीही नसते. ज्या संक्रांतीचा पानिपताशी संबंधच नव्हता, तिला मात्र दरवर्षी सगळ्यात वरची जागा मिळते. ही निवड कॅलेंडरने केलेली नाही, यादी करणाऱ्यांनी केलेली आहे, आणि त्यात न्यूज पोर्टलांचे डेस्कही आले.

पानिपताजवळ काला आम इथल्या स्मारकावर 14 जानेवारीला शौर्य दिन होतो, तो तसाच होत राहील. संक्रांत मात्र थांबणार नाही. आज शाळेत असलेली मुलं म्हातारी होतील तेव्हा ती बहुतेक वेळा 15 ला आणि पुढे कधी 16 ला येऊ लागेल.