उठलेल्या तळावरून निघून गेलेली

अरबी प्रेमकविता वाचायला घेतली की प्रेयसीआधी भेटते ती जागा. इस्लामपूर्व काळापासून कसीद्याची सुरुवात बहुधा ठरलेली: उठून गेलेल्या तळापाशी कवी थांबतो, काळवंडलेले चुलीचे दगड, तंबूभोवतीचा चर ओळखतो आणि रडतो. जागांची नावंसुद्धा घेतो. यामागे जगणं होतं. पावसानंतर चाऱ्यापाण्याशी टोळ्या शेजारी उतरत, उन्हाळ्यात पांगत. मुलगी आपल्या माणसांबरोबर उंटावरच्या झाकल्या हौद्यात बसून निघून जाई.

कविता सुंदर आहेत, वाद नाही. पण मला प्रश्न पडतो तो निघून गेलेलीचा. तळ कधी मोडायचा, कुठे जायचं, हे तिला कोणी विचारलं होतं का? जागा तर तिचीही सुटली होती. रडायचा मान मात्र परत येऊन उभ्या राहणाऱ्याचा!

सातव्या शतकातल्या उझरी प्रेमकथांत हे आणखी बोचतं. कवीने मुलीचं नाव कवितेतून गाजवलं की घरचे त्याला ती देत नसत. जमील आणि बुसैना, कैस आणि लैला, सगळीकडे हेच. म्हणजे कवीला कीर्ती आणि तिला भलताच नवरा.

म्हणूनच लैला अल्-अख्यलिया मला जवळची वाटते. (मजनूची लैला ती वेगळी.) तौबाने हिच्यावर कविता केल्या, बापाने हिला दुसऱ्याला दिली. पण ही स्वतःच कवयित्री. तौबा मारला गेल्यावर परक्याची बायको असूनही तिने त्याच्यावर उघडपणे शोकगीतं रचली आणि ती लोकांनी जपली.

पुढे अकराव्या शतकात कोर्दोब्याला वल्लादा झाली. खलिफाची मुलगी, लग्न न केलेली, स्वतःच्या घरी कवींची बैठक भरवणारी. इब्न झैदूनचं आणि तिचं प्रेम जमलं, फिसकटलं. मग त्याने मदीनत अल्-झहराच्या बागांतून तिची आठवण काढली. ती राजनगरी तेव्हा उद्ध्वस्तच होती. म्हणजे पुन्हा ओसाड जागा आणि तिथे उभा पुरुष. वल्लादाने मात्र त्याच्यावर झोंबरे वार करणाऱ्या कविता लिहिल्या. त्याचा दिवाण शाबूत आहे; तिच्या मोजक्याच कविता, त्याही इतरांच्या संग्रहांतून उरलेल्या. आणि ओळख? ‘इब्न झैदूनची प्रेयसी’.

कोर्दोब्यात या दोघांचं एक स्मारक आहे, एकमेकांकडे झेपावणारे दोन हात. त्यावर निदान दोघांच्याही ओळी कोरल्या आहेत.