बंदी नशेवर हवी, झाडाच्या नावावर नको

उमराहला निघालेल्या आमच्या खालांची बॅग भरायचं काम चाललं होतं. टूरवाल्यांनी दिलेल्या यादीत सर्वात खाली जाड अक्षरात लिहिलं होतं : खसखस नेऊ नये, मसाल्यात कुटलेलीसुद्धा नाही. खाला चष्मा पुसत म्हणाल्या, "अब खसखस ने किसका क्या बिगाडा?"

आम्ही त्यांना समजावलं. खसखस ज्या बोंडातून निघते, त्याच बोंडाला चिरा पाडून अफूचा चीक काढतात. म्हणून सौदी अरेबिया आणि अमिरातीत खसखशीवर बंदी आहे. दुबईत उतरलेली आपल्याकडची माणसं एवढ्याशा खसखशीपायी अडकली, तुरुंगातही गेली. दुसऱ्याच्या मुल्कात त्यांचा कायदा पाळायचा, यात वाद नाही. डबा बॅगेतून बाहेर निघाला. पण खालांचा प्रश्न आमच्या डोक्यातून निघाला नाही. पिढ्यानपिढ्या कुरम्यात खसखस घालणाऱ्या घरांत ती खाऊन कुणी झिंगल्याचं आम्ही तरी ऐकलेलं नाही.

हाच प्रश्न आज अमेरिकेत दुसऱ्या एका झाडावरून पेटला आहे. ते झाड म्हणजे हेम्प. शाळेच्या डिक्शनरीत 'हेम्प' बघाल तर 'ताग' किंवा 'अंबाडी' असा अर्थ सापडतो आणि मुलं तेच लिहितात. पण शेतात खत म्हणून गाडायचा ताग हा नव्हे, आणि आपण जिची भाजी खातो ती अंबाडीही नव्हे. हेम्प म्हणजे भांगेचंच झाड, पण असं वाण की ज्यात नशा आणणारं द्रव्य अगदी नावापुरतं असतं. या द्रव्याला टीएचसी म्हणतात. खोडापासून दोर, कापड, कागद होतो. बगदादच्या कारखान्यांत कागदासाठी जवसाच्या धाग्याच्या चिंध्यांबरोबर या झाडाचा धागाही वापरत. बी खातात, बियांचं तेल काढतात. उत्तराखंडमध्ये या बियांची चटणी घरोघरी होते. आणि नशेच्या वाणाची मादी फुलं म्हणजे गांजा.

अमेरिकेतलं हे भांडण जुनं आहे. तिथे १९३७ साली गांजावर पहिला मोठा केंद्रीय कायदा आला, तेव्हा पक्ष्यांचं खाद्य विकणाऱ्यांनी तक्रार केली की आमचं बी कशाला यात ओढता? काँग्रेसला ते पटलं. खोड, धागा, बियांचं तेल, पेंड आणि उगवणार नाही असं केलेलं बी कायद्यातून वगळलं गेलं. पुढे ९ ऑक्टोबर २००१ रोजी तिथल्या अमली पदार्थ विरोधी खात्याने, म्हणजे डीईएने, नवा नियम काढला : ज्या खाण्याच्या वस्तूत टीएचसीचा अंशही असेल ती बेकायदा. बियांच्या आत टीएचसी नसतं, पण फुलाचा चिकट राळेसारखा पदार्थ टरफलाला लागतो आणि तपासणीत कणभर सापडतो. तेवढ्यावरून बियांचे लाडवासारखे बार, तेल, पाव, सगळं एका रात्रीत गुन्ह्यात गेलं. दुकानदारांना माल संपवायला चार महिने दिले. गंमत म्हणजे पक्ष्यांच्या खाद्याला त्याच नियमात सूट होती. चिमणीला चालेल, माणसाला नाही!

हेम्प इंडस्ट्रीज असोसिएशन ही व्यापाऱ्यांची संघटना कोर्टात गेली. त्यांनी डीईएच्या कार्यालयांबाहेर लोकांना हेम्पचे पदार्थ आणि खसखस लावलेला पाव, दोन्ही खाऊ घातले. म्हणणं साधं होतं : खसखशीतही अफूचा अंश सापडतो, मग तिला सोडता आणि आम्हाला का पकडता? नवव्या सर्किटच्या अपील कोर्टाने जून २००३ मध्ये पहिला नियम रद्द केला, कारण तो करताना जाहीर नोटीस देऊन लोकांच्या हरकती ऐकल्याच नव्हत्या. ६ फेब्रुवारी २००४ रोजी त्याच कोर्टाने पक्का केलेला नियमही उडवला. काँग्रेसने जे कायद्यातून मुद्दाम वगळलं, ते खात्याला मागच्या दाराने आत आणता येणार नाही, असा त्या निकालाचा अर्थ.

इथपर्यंत आमची सहानुभूती पूर्णपणे हेम्पवाल्यांकडे आहे. पुढची गोष्ट तेवढी सरळ नाही.

२०१८ च्या शेती कायद्याने अमेरिकेत हेम्प मोकळं झालं. अट एकच : सुक्या वजनाच्या ०.३ टक्क्यांहून जास्त डेल्टा-९ टीएचसी नको. शेतातल्या झाडासाठी हे माप ठीक होतं. पण व्यापाऱ्यांनी ते गोळ्या-चॉकलेटांना लावलं. फळ्यावर मांडून बघा. पाच ग्रॅमची एक गोड गोळी, तिचे ०.३ टक्के म्हणजे १५ मिलिग्रॅम. गांजा कायदेशीर असलेल्या कॅलिफोर्नियातही एका वेळचं प्रमाण १० मिलिग्रॅम धरतात. म्हणजे 'हेम्प'च्या नावाने विकली जाणारी गोळी परवान्याच्या गांजापेक्षा जड! त्यात डेल्टा-८ आलं. हेम्पमधल्या सीबीडीवर, जे स्वतः नशा आणत नाही, रासायनिक प्रक्रिया करून हे नशेचं द्रव्य बनवतात. अस्वलाच्या आकाराच्या रंगीत गोळ्या पेट्रोलपंपाच्या दुकानांत आल्या, अनेक ठिकाणी वयाची अटही नव्हती. लहान मुलांनी खाऊ समजून खाल्ल्या आणि दवाखान्यात पोचली.

आणि इथे आपल्यालाही खाली बघावं लागतं. अमेरिकेतल्या अशा छोट्या दुकानांत आपल्या उपखंडातली माणसं बरीच आहेत, त्यात कलमा पढणारेही आहेत. दारूचा परवाना घ्यायला ज्यांचा हात कापतो, त्यांच्याच काउंटरवर या गोळ्या ठेवलेल्या असतात, कारण पाकिटावर 'हेम्प' लिहिलंय, 'गांजा' नाही. नाव बदललं की हुकूम बदलतो, असं समजणं ही स्वतःची फसवणूक आहे. या मालावर बंदी आली तर आम्हाला त्याचं दुःख नाही.

पण बंदी आली ती कशी? नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेचं सरकारी कामकाज ठप्प होतं. ते सुरू करायच्या खर्चाच्या विधेयकात हेम्पची नवी व्याख्या घालण्यात आली. १२ नोव्हेंबरला सही झाली आणि अंमलासाठी एक वर्ष ठेवलं. यामागे सिनेटर मिच मॅककॉनेल होते, ज्यांनी २०१८ मध्ये हेम्प मोकळं करायला पुढाकार घेतला होता. त्यांच्याच केंटकी राज्याचे दुसरे सिनेटर रँड पॉल यांनी ते कलम काढण्याचा प्रयत्न केला, तो ७६ विरुद्ध २४ मतांनी फसला. रासायनिक प्रक्रियेने बनवलेली द्रव्यं हद्दपार, हे योग्यच. धागा आणि खाण्याचं बी वेगळं ठेवून वाचवलं, तेही योग्य. पण तयार मालाला मर्यादा घातली ती अशी : एका डब्यात किंवा बाटलीत मिळून ०.४ मिलिग्रॅम टीएचसी. एका वेळच्या मात्रेत नव्हे, अख्ख्या बाटलीत!

पुन्हा फळ्याकडे या. सीबीडी तेलाची महिनाभराची बाटली, तीस मात्रा. ०.४ ला तीसने भागा, एका मात्रेला ०.०१३ मिलिग्रॅम आलं. संपूर्ण झाडाच्या अर्कापासून केलेलं तेल या मापात बसणं जवळपास अशक्य. त्या तेलाने झिंग येत नसेल, तरी ते बाद. दुखऱ्या सांध्यांसाठी, झोपेसाठी हे तेल घेणारे म्हातारे लोक आहेत. काही घरांत फिट येणाऱ्या मुलांना देतात. तेलवाल्यांचे सगळेच दावे खरे आहेत, असं आम्ही म्हणत नाही. बरेचसे जाहिरातीचे आहेत. पण सीबीडीत औषधी गुण आहे, हे अमेरिकेच्या एफडीएनेच २०१८ मध्ये मिरगीच्या दोन कठीण प्रकारांसाठी 'एपिडिओलेक्स' मंजूर करून मान्य केलं आहे. डिसेंबर २०२५ मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्षांच्या आदेशात अशा तेलासाठी व्याख्या पुन्हा तपासायला सांगितलं गेलं. सही झाल्यावर दीड महिन्याच्या आत! घाईत केलेल्या नियमाची याहून मोठी कबुली काय असते?

दुसरा रस्ता नव्हता असंही नाही. टेक्सासच्या विधिमंडळाने सरसकट बंदी मंजूर केली होती. गव्हर्नर ॲबट यांनी २२ जून २०२५ रोजी ती अडवली आणि दारूसारखे कडक नियम करा म्हणाले. सप्टेंबरमध्ये आदेश काढून २१ वर्षांखालच्यांना विक्री बंद केली, ओळखपत्र सक्तीचं केलं. आता टेक्सास दारू विकतं म्हणून ते आमचा आदर्श नाही. पण मुलांना वाचवायचं तर वय, तपासणी आणि पाकिटावरचा मजकूर यांवर आधी हात घालता येतो, एवढं त्यातून कळतं.

आपल्या दीनमध्ये याचं माप फार पूर्वी घालून दिलेलं आहे. जे नशा आणतं ते हराम. जे जास्त घेतल्यावर नशा आणतं, ते थोडंही हराम. यात पळवाट नाही. इब्ने तैमिया यांनी हशीशला हराम ठरवलं तेही नशेमुळेच, नावामुळे नाही. पण हीच कसोटी उलट बाजूनेही लावा. द्राक्ष हलाल आहे, त्याची दारू हराम आहे, आणि दारूचा आपोआप सिरका झाला तर तो पुन्हा हलाल. झाड एकच, हुकूम तीन. वाटीभर काय, पोटभर हेम्पचं बी खाऊनही नशा येत नसेल, तर ते कुठल्या खान्यात बसेल? फतवा देणं आमचं काम नाही, ते मुफ्ती साहेबांना विचारावं. आम्ही फक्त एवढं म्हणतो की विचारताना पाकिटावरचं नाव नको, आतली वस्तू दाखवा.

हे सगळं अमेरिकेचं, आपला काय संबंध, असं कुणी म्हणेल. संबंध आहे. आपला एनडीपीएस कायदा १९८५ चा. त्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे, आणि शेंड्यांशिवाय असलेली पानं व बिया वगळलेल्या आहेत. उत्तराखंडने २०१८ मध्ये हेम्पच्या लागवडीला परवाने दिले आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये एफएसएसएआयने हेम्पचं बी, तेल आणि पीठ यांना खाद्यपदार्थ म्हणून मान्यता दिली. पण ही व्याख्या फक्त व्यापाऱ्यांच्या कामाची नाही. गांजा एक किलोपर्यंत असेल तर 'अल्प' आणि वीस किलोच्या वर 'व्यापारी' प्रमाण. व्यापारी ठरला की किमान दहा वर्षं शिक्षा आणि जामीन महाकठीण. जप्तीच्या पोत्यात पानं, काड्या, बिया सगळं एकत्र तोललं तर काटा वीसच्या वर जातो, वेगळं तोललं तर कदाचित खाली येतो. जामिनाच्या अर्जांवर कोर्टांत हाच वाद चालतो. वकील लावायची ऐपत नसलेल्या घरासाठी त्या एका कंसातली ओळ म्हणजे मुलाची दहा वर्षं. गांजा विकणाऱ्याची आम्ही कड घेत नाही. आमच्याच शाळेच्या मागच्या भिंतीला पुड्या विकल्या जातात आणि सातवी-आठवीची पोरं वाया जाताना आम्ही बघतो. त्याला शिक्षा व्हावी, पण त्याने जे विकलं त्याची.

म्हणून इथेही उद्या कुणी 'भांगेच्या झाडापासूनचं सगळं बंद' म्हणून नियम आणला, तर मसुदा वाचा. नियमाच्या मसुद्यावर हरकती मागवतात, त्याला मुदत असते आणि साध्या कागदावर किंवा ईमेलवर हरकत देता येते. आपल्या बिरादरीत हे फार थोडे लोक करतात. नियम लागू झाल्यावर मात्र चहाच्या टपरीवर सगळे बोलतात.

खाला उमराह करून सुखरूप परतल्या. जमजम आणि खजुरा वाटून झाल्यावर पहिल्या जुम्म्याला त्यांनी कुरमा केला. खसखस दोन चमचे जास्तच पडली होती.