गळका नळ आणि गटारातली नळी



या खेपेला गळक्या नळाविषयी लिहिते आहे. तुम्ही म्हणाल, बाईला दुसरा विषय सापडला नाही. पण दोन वर्षांमागे ऐन पावसाळ्यात आमच्या सात वर्षांच्या नातीला कावीळ झाली, आणि शोध घेता घेता तिचे मूळ निघाले आमच्याच दारापुढच्या गटारात. तेव्हापासून नळाकडे बघायची माझी नजर बदलली.

आमच्या कुर्डुवाडीतच काय, सोलापूर जिल्ह्यातल्या बहुतेक गावांत नळाला चोवीस तास पाणी नसते. ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी सुटते, आणि कधी कधी ठरलेलेही चुकते. रस्त्यातल्या मोठ्या पाइपातून घराघरात नळ्या आलेल्या असतात आणि वस्तीत त्या बहुधा गटार ओलांडून येतात. आमची तर गटारातूनच होती. एकदा तिचा जोड निसटला, तेव्हा मुलाने सायकलच्या ट्यूबची पट्टी करकचून बांधली, वरून तार आवळली. पाणी यायला लागले. कामावर जायची घाई, पुढे कुणी बघितले नाही. पाणी सुटल्यावर पहिली घागर गढूळ यायची. सूनबाई दोनदा म्हणाली, "आत्या, पाण्याला वास येतोय का बघा." मी म्हणाले, "पहिलं पाणी असंच असतं गं, जरा वाहू दे." चूक माझीच.

मग पोरीला ताप, उलट्या, अन्नावरची वासना गेलेली. डोळे पिवळे, लघवी चहासारखी. शेजारच्या मावशी मायेपोटीच म्हणाल्या, अमक्या गावाला न्या, तिथे कावीळ उतरवतात, चुन्याच्या पाण्यात हात धुतले की पाणी पिवळे होते. होणारच. हाताला आधी झाडाच्या सालीचा रस चोळलेला असतो, त्याला चुना लागला की पिवळा रंग सुटतो. धडधाकट माणसाचे हात तसे धुतले तरी पाणी पिवळेच होईल. पाण्यातून होणारी ही कावीळ लहान मुलांत बहुतेक वेळा विश्रांतीने आपोआप बरी होते, म्हणून उतरवणाऱ्याचे नाव होते. पण गरोदर बाईला हीच कावीळ जिवावर बेतू शकते, तिथे एक दिवसही वाया घालवू नका. आम्ही नातीला दवाखान्यात नेले, रक्त तपासले. डॉक्टरांनी औषधापेक्षा पाण्याचीच चौकशी जास्त केली. "नळी कुठून येते?" या त्यांच्या एका प्रश्नावर मी गप्प झाले.

आता हे कसे घडते ते समजून घ्या, म्हणजे पुढचे सगळे सोपे होईल. नळाला पाणी असते तेव्हा आत जोर असतो, म्हणून भोकातून पाणी बाहेर येते. ते आपल्याला दिसते, आपण हळहळतो. पाणी बंद झाले की नळी रिकामी होते, जोर संपतो. तीच नळी गटारात बुडालेली असेल तर त्याच भोकातून गटार आत शिरते आणि नळीत बसून राहते. पुढच्या खेपेला पाणी सुटले की ते सगळ्यात आधी आपल्या घागरीत येते. त्यातून कुणी नळाला थेट मोटर लावली तर विचारूच नका. मोटर नळीतले पाणी ओढते, आणि भोक असेल तिथून घाणही ओढते, स्वतःच्या घरात आणि शेजाऱ्याच्याही. टायफॉईड, गॅस्ट्रो, कावीळ ही मंडळी याच वाटेने घरात येतात. मोटर लावायचीच तर नळाचे पाणी आधी हौदात पडू द्या आणि हौदातून वर चढवा. थेट नळाला नको, कायद्यानेही नको.

पाण्याच्या बाबतीत आपल्या लोकांनी काय सोसले ते या पानावर नव्याने सांगायला नको. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले. पुढे दावा लागला, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागायला मार्च १९३७ उजाडला. माझ्या आईच्या लहानपणी आपल्या माणसांनी गावाच्या आडावर दूर उभे राहून, कुणी वरून ओतील तेवढे पाणी घेतले. आज नळ आपल्या दारात आहे, आपल्या नावावर आहे. त्याच नळातून पोरांच्या पोटात गटार जात असेल आणि आपण सायकलची ट्यूब बांधून स्वस्थ बसत असू, तर राग कुणावर काढायचा?

असो. कामाकडे वळू. आमचे हे रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होते. पाना कसा धरायचा ते त्यांनीच मला शिकवले, तेही मी हट्ट धरला म्हणून. त्यांचे एक सांगणे होते, गळती शोधायची पाण्याच्या दिवशी आणि दुरुस्त करायची कोरड्या दिवशी. मोठ्या शहरातल्या माणसाला आधी पाणी बंद करावे लागते. आपल्याला ते आयतेच बंद मिळते. तेवढाच फायदा.

पाण्याच्या दिवशी भांडी भरून झाली की सगळे नळ बंद करा आणि दारापासून आतपर्यंत नळीवरून कोरडा हात फिरवा. बोट ओले झाले तिथे गळती. नळी जमिनीत असेल तर बघा, एकाच जागी माती कायम ओली आहे का, तिथेच हिरवे शेवाळ किंवा गवत उगवले आहे का. पाऊस नसताना भिंतीच्या पायाशी ओल चढली, पोपडे सुटले, तर आत नळी पाझरते आहे असे समजा. मीटर असेल तर सगळे नळ बंद असताना त्याचा काटा बघा. फिरत असेल तर पाणी कुठेतरी जात आहे. हे स्क्रू ड्रायव्हरचे टोक नळीवर ठेवून मुठीला कान लावायचे. पाणी पाझरत असेल तर आत बारीक सूं असा आवाज येतो. मला पहिल्यांदा काहीच ऐकू आले नव्हते. दोन-तीनदा केल्यावर कान बसतो.

टाकी आणि हौद विसरू नका. रस्त्यावरून येणाऱ्या नळाची गळती पाणी असेल तेवढ्या वेळची, दोन तासांची. टाकीला किंवा पिंपाला लावलेल्या नळाची मात्र चोवीस तासांची. रात्री निजताना पाणी कुठवर आहे तिथे खडूची रेघ मारा. पाणी कुणी वापरले नसताना सकाळी रेघेपासून दोन बोटे खाली गेले असेल तर कुठेतरी जाते आहे. काळ्या प्लास्टिकच्या टाकीत बहुधा टाकी फुटलेली नसते, जिथून नळी बाहेर पडते तिथला रबराचा चकला सैल पडलेला असतो. घरात फ्लशची टाकी असेल तर तिच्यात कपड्यांच्या निळीचे चार थेंब टाका आणि पंधरा मिनिटे फ्लश ओढू नका. खाली भांड्यात निळे पाणी आले तर आतले रबर गेले.

गळका नळ किती पाणी खातो हे मनाने ठरवू नका, मोजा. नळाखाली तांब्या ठेवा आणि घड्याळ बघा. आमच्या टाकीच्या नळाखाली तासाभरात लिटरभर जमले. म्हणजे दिवसाला २४ लिटर, महिन्याला ७२० लिटर. आमची टाकी ५०० लिटरची! एप्रिल २०१६ मध्ये लातूरला प्यायला पाणी उरले नव्हते. मार्चमध्येच तिथे पाणी भरायच्या जागांवर जमावबंदी लावायची वेळ आली. मग मिरजेहून रेल्वेने पाणी निघाले, पंढरपूर, आमची कुर्डुवाडी, बार्शी असे करत. ११ एप्रिलला पहिली गाडी सुटली, तिला दहा वॅगन होत्या आणि प्रत्येकीत सुमारे ५० हजार लिटर. पुढे उन्हाळाभर फेऱ्या झाल्या. त्या वॅगन आमच्या स्टेशनातून जाताना बघायला माणसे उभी राहायची. आता हिशेब करा. आमच्यासारखा एकेक नळ सत्तर घरांत गळत असेल, तर महिन्याला त्यातली एक वॅगन भरून गटारात जाते.

दुरुस्तीला फार सामान लागत नाही. एक पाना, एक स्क्रू ड्रायव्हर, पांढरी टेफ्लॉन टेप आणि एका चहाच्या पैशात येणारे दोन वायसर. बंद केल्यावरही तोंडातून थेंब पडत असेल तर वायसर झिजला. टाकीचा नळ असेल तर टाकीजवळचा कॉक आधी बंद करा. मुठीखालचा मोठा नट पान्याने डावीकडे फिरवला की दांड्यासकट वरचा भाग निघतो. खाली चपटा वायसर दिसेल. तोच हार्डवेअरच्या दुकानात दाखवून त्याच मापाचा आणा, अंदाजाने नको. नवा बसवा, नट आवळा. तरीही गळत असेल तर आतली बैठक खराब झाली आहे, मग नळच बदला. पाणी मुठीच्या खालून पाझरत असेल तर वायसरला हात लावायचे कारण नाही. दांड्याभोवतीचा छोटा नट पाव फेरा आवळून बघा. नव्या पद्धतीच्या, पाव फेऱ्यात उघडणाऱ्या नळात वायसर नसतो, आतला अख्खा गाभा बदलावा लागतो.

नळ भिंतीजवळच्या आट्यांतून पाझरत असेल तर तो काढा, आट्यांवरची जुनी टेप खरवडून टाका. आट्यांचे तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने टेपचे आठ-दहा वेढे द्या, ताणून. उलट्या बाजूने गुंडाळली तर नळ बसवताना सगळी टेप गोळा होऊन बाहेर येते. मी केले आहे, म्हणून सांगते. जुने फिटर सुतळी आणि सफेदा वापरत. सफेद्यात शिसे असायचे, प्यायच्या पाण्याच्या नळीला तो लावू देऊ नका.

प्लास्टिकच्या नळीला चीर गेली तर तेवढा तुकडा करवतीने कापून काढा आणि दोन्ही बाजूंना सॉकेट घालून नवा तुकडा बसवा. टोके पुसून अगदी कोरडी करा, सोल्युशन लावा, नळी आत ढकला आणि डब्यावर लिहिलेला वेळ जाईपर्यंत पाणी येऊ देऊ नका. म्हणूनच कोरडा दिवस. एम-सील ओल्या नळीवर धरत नाही. पाण्याचा जोर असतो तिथे ते आठ दिवसांची सोय आहे, एवढेच समजा. गंजलेल्या लोखंडी नळीला मात्र आपण हात घालू नये. एक जोड सोडवायला जावे तर पुढचा मोडतो. तिथे प्लंबरला बोलवा आणि शेजारी उभे राहून बघा.

आणि गटार. नळी गटाराच्या पाण्याच्या वरूनच गेली पाहिजे, मोठ्या लोखंडी पाइपात घालून. गटाराच्या भागात एकही जोड नको. आम्ही शेजारच्या दोन घरांसह वर्गणी काढून एका दिवसात तिन्ही नळ्या उचलल्या. नव्या नळीचे पहिल्या दिवसाचे पाणी फरशी धुवायला काढले आणि पुढे पंधरा दिवस प्यायचे पाणी खळखळ उकळूनच घेतले. तुरटीने पाणी निवळते, जंतू मरत नाहीत, हे लक्षात असू द्या.

रस्त्यातला मोठा पाइप फुटला असेल तर ते काम नगरपालिकेचे. तोंडी सांगून येऊ नका. साध्या कागदावर अर्ज लिहा: जागा, दिवस, किती दिवसांपासून पाणी वाहते, गटार जवळ आहे का, किती घरांना त्रास आहे. गल्लीतल्या सगळ्यांच्या सह्या घ्या, बायकांच्या आधी. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन ती घरी जपून ठेवा. आठ दिवसांनी त्याच क्रमांकाचा उल्लेख करून दुसरा अर्ज.

सार्वजनिक नळाची गोष्ट जरा अवघड. तोटी मोडलेली असते, पाणी वाहत असते, आणि "मीच का बसवू?" म्हणून कुणी बसवत नाही. उलट पाणी कमी पडले की हंड्यांवरून भांडणे, आणि ती घरापर्यंत जातात. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण दिले आहे ते शाक्य आणि कोलीय यांच्यातला रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा. आपल्या नळावर रोहिणी रोज वाहते. आमच्या गल्लीत आता महिला मंडळाच्या डब्यात तोटीचे पैसे वेगळे ठेवतो. तोटी मोडली की त्याच दिवशी नवी येते, आणि पाणी भरून झाले की ती बंद करायची पाळी वार लावून दिली आहे. मंगळवार माझा.

नात बरी झाली, शाळेत जाते. पाणी सुटले की पहिली बादली आजही तीच भरते, नाकाला लावून वास घेते आणि मग ओरडून सांगते, "आजी, चांगलंय."

पुढच्या खेपेला टाकी आतून कशी धुवायची आणि ब्लीचिंग पावडर किती घालायची, ते लिहीन.