आधी डोळा पाहा

तांबे आणि मेंदू यांचा संबंध हल्ली घराघरांत निघतो, पण दोन टोकांनी. कोणी सांगते, रात्रभर तांब्याच्या भांड्यातले पाणी पहाटे प्या, स्मरणशक्ती वाढेल. कोणी सांगते, तांब्याने मेंदूतली प्रथिने बिघडतात, ‘मॅड काऊ’सारखा रोग जडतो, तेव्हा घरातला हंडा मोडीत घाला. सातारा-सांगलीकडे हा प्रश्न हौसेचा नाही. इथल्या जुन्या घरांत बंब आणि घंगाळ अजून आहेत. तासगाव-कवठेमहांकाळच्या द्राक्षबागांत मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, आणि चुना मिसळून बोर्डो फवारतात. माण-खटावपासून आटपाडी-जतपर्यंत मेंढरांचे कळप फिरतात आणि ‘मॅड काऊ’च्या जातीच्या प्रिऑन रोगांची ओळख जगाला प्रथम झाली ती मेंढरांतच. लोकांची भीती खरी आहे, तिला खरे उत्तर द्यायला हवे. आणि ते देताना, ज्या एका आजारात तांबे नि:संशय मेंदू पोखरते, जो याच भागातल्या घरांत असणार आणि ज्यावर औषध आहे, त्या आजाराकडे लक्ष वळवायला हवे. त्याचे नाव विल्सनचा आजार.

प्रिऑनचे आधी सांगतो. प्रत्येक माणसाच्या मेंदूतल्या पेशींवर प्रिऑन नावाचे प्रथिन असतेच. निरोगी माणसात ते निरुपद्रवी असते. त्याची घडी चुकली की मात्र ते शेजारच्या धड प्रथिनालाही आपल्यासारखे बिघडवते, आणि ही लागण पसरत जाऊन मेंदूची चाळण होते. स्टॅन्ली प्रुसिनर यांनी १९८२ साली ही कल्पना मांडली तेव्हा बहुतेकांनी ती उडवून लावली. १९९७ साली त्यांना नोबेल मिळाले. माणसातला असा मुख्य रोग म्हणजे क्रॉइट्सफेल्ड-याकोब. विस्मरण, तोल जाणे, अंगाला झटके, आणि बहुतेकदा वर्षाच्या आत मृत्यू. औषध नाही.

यात तांबे कुठे आले? प्रिऑन प्रथिनाच्या एका भागात आठ अमिनो आम्लांचा तुकडा चार वेळा येतो. नेमका तोच भाग तांब्याचे अणू धरून ठेवतो. काही कुटुंबांत हा तुकडा जादा वेळा आलेला असतो आणि त्या कुटुंबांत रोग पिढीजात चालतो. इतके दिसल्यावर तांब्यावर संशय जाणे साहजिकच होते. ब्रिटनमध्ये मार्क पर्डी नावाचा गोपालक शेतकरी वर्षानुवर्षे सांगत राहिला की गाईंच्या पाठीवर ओतलेल्या कीटकनाशकाने मेंदूतले तांबे हटते, तिथे मँगेनीज बसते आणि प्रथिन बिघडते. सरकारी चौकशीने २००० साली हे मूळ कारण म्हणून मानले नाही. ‘मॅड काऊ’ पसरला तो गाईंना चारलेल्या मांस-हाडांच्या भुकटीतून. पण पर्डीने विचारलेला प्रश्न प्रयोगशाळांनी गंभीरपणे घेतला. २००३ साली दोन निष्कर्ष पुढे आले. एका प्रयोगात रोगट उंदरांना शरीरातून तांबे काढणारे औषध दिले, तर रोग उशिरा दिसला. दुसऱ्यात रोगट हॅमस्टरांना तांबे चारले, तर तिथेही रोग उशिराच दिसला. या परस्परविरोधी निकालांवर ‘तांबे प्या’ किंवा ‘तांबे फेका’ असा सल्ला उभारणे ही लोकांची फसवणूक आहे. तांब्याच्या भांड्याने प्रिऑन रोग होतो याला आधार नाही, आणि त्याने बुद्धी वाढते यालाही नाही.

मेंढरांचे उदाहरण इथे उपयोगी पडते. गाभण मेंढीला तांबे कमी पडले तर कोकराच्या मज्जातंतूंवरचे आवरण नीट बनत नाही, ते मागच्या पायांत लुळे पडते, झोकांड्या खात चालते. तीच मेंढी जादा तांबे मात्र गाईइतकेही पचवू शकत नाही. गाईंसाठी बनवलेले खनिज मिश्रण तिला बाधते. शरीराला तांबे हवेच, पण मापात. माणसात हे माप यकृत सांभाळते. रोजच्या जेवणातून एक-दोन मिलिग्रॅम तांबे पोटात जाते, लागेल तेवढे वापरले जाते आणि उरलेले यकृत पित्तावाटे बाहेर टाकते.

विल्सनच्या आजारात हे बाहेर टाकणेच जमत नाही. तेराव्या गुणसूत्रावरचे एक जनुक आईकडून आणि वडिलांकडून असे दोन्हीकडून सदोष आलेले असते. तांबे आधी यकृतात साचते, मग रक्तातून मेंदूच्या खोल भागात, हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या केंद्रांत जाऊन बसते. सॅम्युएल किनिअर विल्सन यांनी १९१२ साली लंडनमध्ये या आजाराचे वर्णन केले. सुरुवात बहुधा शाळा-कॉलेजच्या वयात होते. एखाद्याला कावीळ होते आणि हटत नाही. एखाद्याचे अक्षर बिघडते, हात थरथरतो, शब्द जड होतात, लाळ गळते. हुशार मुलगी अचानक मागे पडते, चिडते, रडते, कोणाशी बोलत नाही.

पुढचा हिशेब माझा आहे, नोंदणीचा नाही. जगात साधारण तीस हजारांत एकाला हा आजार असतो असे धरतात. २०११च्या जनगणनेत साताऱ्याची लोकसंख्या ३० लाखांवर, सांगलीची २८ लाखांवर. म्हणजे दोन्ही जिल्ह्यांत मिळून दोनशेच्या आसपास माणसे असायला हवीत. क्रॉइट्सफेल्ड-याकोबचे प्रमाण दहा लाखांत वर्षाला एक-दोन. इथे वर्षाला सहा ते बारा. त्यांना कोणी वाचवू शकत नाही. विल्सनच्या दोनशेंतले बहुतेक जण वेळेवर सापडले तर लग्नकार्य, नोकरी, शेती सगळे करू शकतात.

आणि इथे दोनशेवर थांबून चालणार नाही, कारण या भागात मामाची मुलगी करून घेण्याची रीत आहे. इरावती कर्वे यांनी महाराष्ट्रातल्या नातेसंबंधांचा अभ्यास करताना तिची सविस्तर नोंद घेतली होती. सदोष जनुक एकेरी बाळगणारी माणसे समाजात नव्वदात एक असतात. त्यांना स्वत:ला काही होत नाही. पण अशा माणसाने परक्या घरात लग्न केले तर जोडीदारही तसाच असण्याची शक्यता नव्वदात एक, आणि आते-मामे भावंडांत केले तर ती आठात एक. ज्यांचे लग्न होऊन वीस वर्षे झाली त्या आईबापांना ‘तुमचे चुकले’ असे ऐकवणे निर्दयपणाचे आहे आणि त्याने कोणाचा जीवही वाचत नाही. पण त्यांच्या मुलाचा हात थरथरू लागला, तर ‘तुम्ही दोघे नात्यातले का?’ हा प्रश्न डॉक्टरने पहिल्याच भेटीत विचारायला हवा. तो विचारला जात नाही, आणि मधली वर्षे वाया जातात.

ती वाया कशी जातात हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. मुलगी विचित्र वागते म्हटल्यावर बाहेरची बाधा, करणी, मग देवर्षी, मग अमावास्या-पौर्णिमेच्या खेपा. डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. त्यांनी आयुष्य ज्या कामाला दिले आणि ज्यासाठी २०१३ साली त्यांना गोळ्या घालण्यात आल्या, त्या कामाचा अर्थ अशा वेळी कळतो. देवर्ष्याच्या अंगणात बसवलेली पोर कदाचित यकृतात आणि मेंदूत साचलेले तांबे घेऊन बसलेली असते, आणि तिचे औषध औषधाच्या दुकानात असते. अंगारा लावणाऱ्या आजीला दोष देण्यात अर्थ नाही. तिला कोणी दुसरे काही सांगितलेलेच नसते.

ते औषध म्हणजे पेनिसिलामिन. जॉन वॉल्श या इंग्रज डॉक्टरने १९५६ साली ते या आजारासाठी पुढे आणले. प्रिऑनच्या प्रयोगात रोगट उंदरांना २००३ साली दिलेले औषध हेच. ते शरीरातले तांबे लघवीवाटे काढते. जस्ताच्या गोळ्या आतड्यातच तांबे अडवतात. मेंदूवर परिणाम झालेल्या काही रुग्णांची तब्येत औषध सुरू करताना आधी बिघडते, म्हणून ते जाणकार डॉक्टरच्या देखरेखीखालीच हवे. ते जन्मभर घ्यावे लागते. बरे वाटले म्हणून सोडले, किंवा पैसे नव्हते म्हणून तुटले, तर यकृत अचानक निकामी होऊन माणूस जातो. अशा रुग्णाने तांब्याच्या भांड्यातले पाणी पिऊ नये, कलेजी आणि सुकामेवा टाळावा. निरोगी माणसाने तांब्याच्या हंड्यातले पाणी खुशाल प्यावे, त्यात काही जंतू मरतातही; ताक, चिंच, कोकम मात्र त्यात ठेवू नये. बोर्डो फवारणाऱ्याला विल्सनचा आजार होत नाही. त्याने जपायचे ते फुप्फुस. द्राक्षबागांत फवारणी करणाऱ्यांच्या फुप्फुसांचा आजार पोर्तुगालमध्ये १९६९ सालीच नोंदला गेला आहे, तेव्हा तोंडाला नीट मास्क हवाच.

महाराष्ट्राने तांब्याच्या एका आजाराला याआधी हरवले आहे. लहान बाळांचे यकृत वाळून जाई, वर्ष-दोन वर्षांची पोरे पोट फुगून दगावत. एकेका घरात एकामागून एक मुले गेली. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. शीला भावे, डॉ. आनंद पंडित आणि ब्रिटनचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी आयांना एक साधी गोष्ट विचारली: बाळाचे दूध कशात तापवता? कल्हई गेलेल्या पितळी-तांब्याच्या भांड्यांत, असे उत्तर पुन:पुन्हा आले. दूध त्या भांड्यातले तांबे शोषून घेई. १९८३ साली हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. काही बाळांची प्रकृती मुळातच नाजूक असावी असेही एक मत राहिले, पण स्टीलची भांडी आली आणि काही वर्षांत हा आजार जवळपास नाहीसा झाला. यासाठी नवे यंत्र लागले नाही. आईला नीट विचारणारा आणि तिचे ऐकून घेणारा डॉक्टर लागला.

विल्सनसाठीही महागडी सुरुवात लागत नाही. मेंदूची लक्षणे दिसू लागलेल्या बहुतेक रुग्णांच्या पारपटलाच्या कडेला तांब्याचे सोनेरी-तपकिरी कडे असते. आपल्या काळ्याभोर डोळ्यांत ते नुसत्या नजरेला सहसा दिसत नाही; मोतीबिंदू तपासायला वापरतात त्या स्लिट लॅम्पखाली दिसते. पुढे रक्तातले सेरुलोप्लाझ्मिन, म्हणजे तांबे वाहून नेणारे प्रथिन, आणि चोवीस तासांच्या लघवीतले तांबे तपासायचे. मिरजेला १८९४ साली वॉनलेस रुग्णालय उभे राहिले, आज तिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. कराडला आणि आता साताऱ्यालाही वैद्यकीय महाविद्यालय आहे. या पट्ट्यात तज्ज्ञांचा तुटवडा आहे असे म्हणता येत नाही.

तेव्हा मागणी एवढीच. तिशीच्या आतल्या कोणाचाही हात थरथरत असेल, बोलणे अडखळत असेल, वागणे अचानक बदलले असेल किंवा कावीळ पुन्हा पुन्हा होत असेल, तर मेंदूच्या महागड्या छायाचित्रणाआधी त्याला नेत्रविभागात पाठवावे. दोन्ही जिल्हा रुग्णालयांनी पेनिसिलामिन आणि जस्त यांचा साठा एक आठवडाही संपू देऊ नये आणि अशा रुग्णांची यादी ठेवावी. महिन्याचे औषध न्यायला कोणी आले नाही तर आशाताईंनी त्याच्या घरी जावे. आणि एक रुग्ण सापडला की त्याच्या सख्ख्या भावंडांपैकी प्रत्येकाला हा आजार असण्याची शक्यता चारात एक असते, लक्षण एकही दिसत नसले तरी. म्हणून तपासणीची चिठ्ठी एका नावाने न लिहिता त्या घरातल्या सगळ्या भावंडांच्या नावांनी, त्याच दिवशी लिहावी.