नाट्यगृह उभं राहील हो, पण चालवणार कोण?

कोल्हापूरकरांनो, पोस्ट जरा लांब आहे. चहा घेऊन बसा.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. तेव्हापासून गावात या विषयावर जे काही बोललं जातं ते सगळं बांधकामाचं. छप्पर कसलं, लाकूड कुठलं, खुर्च्या किती, निधी आला का, ठेकेदार कोण. हे विचारायलाच हवं. शाहू महाराजांनी १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून उभी केलेली वास्तू आहे, तिच्या एकेका दगडाचा हिशेब मागायचा आपल्याला हक्क आहे. पण इमारत झाल्यावर ती चालवणार कोण, हे मात्र चहाच्या टपरीवर पण कुणी विचारत नाही आणि सभागृहात पण नाही.

राज्यातल्या बहुतेक महापालिका-नगरपालिकांच्या नाट्यगृहांत व्यवस्थापक हा बदलीवर आलेला कर्मचारी असतो. काल घरफाळा, आज नाट्यगृह, उद्या बाजार विभाग. माणूस वाईट नसतो, बरेचदा बिचारा मनापासून काम करतो. पण त्याच्याकडून मागणी काय असते? तारखा द्यायच्या, अनामत घ्यायची, एसी चालू ठेवायचा, मंत्र्यांचा मेळावा आला की नाटकवाल्यांची समजूत काढायची. थोडक्यात, मंगल कार्यालय सांभाळायचं. या वर्षी आपल्या रंगमंचावर काय व्हायला पाहिजे, शाळेतल्या पोरांनी काय बघायला पाहिजे, आजऱ्याचा किंवा गारगोटीचा एखादा नाटकवेडा गट इथं कधी येणार, हे ठरवणं त्याच्या कामात नाही. खरं म्हणजे कुणाच्याच कामात नाही.

शाहू महाराजांनी नुसती इमारत बांधली नव्हती, हे आपण विसरतो. थिएटर व्हायच्या कितीतरी आधी त्यांनी अल्लादिया खाँसाहेबांना दरबारात आणलं. खाँसाहेब इथं राहिले, शिकवत राहिले, आणि जयपूर घराण्याचं गाणं महाराष्ट्रात रुजलं. नाटक मंडळ्यांना आश्रय होता. या नाटकांचे पडदे रंगवणारे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे नात्यातले भाऊ पुढं कॅमेरा बनवण्याच्या मागे लागले आणि त्यातून महाराष्ट्र फिल्म कंपनी झाली. आधी माणसं, मग तालीम, मग थिएटर, मग सिनेमा. त्या काळी हे सगळं बघणारा राजा होता. राजा गेला, त्याचं काम करणारं पद मात्र लोकशाहीत आपण तयारच केलं नाही.

पद असलं की काय होतं ते बघा. डॉ. अशोक दा. रानडे १९६८ पासून १९८३ पर्यंत मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राचे संचालक होते, नंतर एनसीपीएमध्ये. गायक, अभ्यासक, शिक्षक, सगळंच. पण हाताशी संस्था होती, म्हणून त्यांनी ‘बैठकीची लावणी’, ‘देवगाणी’ असे कार्यक्रम उभे केले आणि जी गाणी लोक विसरत चालले होते ती पुन्हा कानावर आणली. असला माणूस घरी बसून लेख लिहू शकला असता. संस्थेमुळं तो इतरांना उभं करू शकला.

मुंबईचं सोडा म्हणाल. मग हेग्गोडू घ्या. कर्नाटकात शिमोग्याच्या सागर तालुक्यातलं, सुपारीच्या बागांमधलं खेडं. तिथं १९४९ साली नीनासम सुरू झालं. के. व्ही. सुब्बण्णा हा बागाईतदार घरातला माणूस, त्यानं आयुष्य त्यात घातलं. १९८० साली नाट्यशिक्षणाची शाळा, १९८५ पासून ‘तिरुगाट’ ही फिरती मंडळी. शाळेतून तयार झालेली मुलं दरवर्षी नाटकं घेऊन राज्यभर गावोगाव फिरतात. १९९१ साली सुब्बण्णांना मॅगसेसे मिळालं. हेग्गोडूत शाहू महाराज नव्हते, संस्थान नव्हतं, ऊस नव्हता. वर्षाचं वेळापत्रक आखणारा आणि ते पाळणारा माणूस होता.

आणि आपल्याच राज्यात, गडचिरोलीच्या वडशाला जाऊन बघा. झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांची कार्यालयं तिथं आहेत. दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो, मंडई-शंकरपटाला गावचं मंडळ नाटक ठरवतं, रात्रभर प्रयोग, तिकीट काढून माणसं बसतात. नट, वादक, पडदेवाले यांचं वर्षाचं गणित त्यावर बसतं. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीसाठी. ‘गावाकडं नाटक कोण बघतं’ म्हणणाऱ्यांनी एकदा तिकडं थंडीत रात्र काढावी.

आता आपल्याकडं. राज्य नाट्य स्पर्धेचं कोल्हापूर केंद्र आहे. हौशी संघ दोन-दोन महिने तालीम करतात, कधी शाळेच्या हॉलमध्ये, कधी कुणाच्या गच्चीवर. नोकरी सांभाळून, खिशातले पैसे घालून. मग एक प्रयोग होतो. एक! निकाल लागतो, सत्कार होतो, सेट भंगारात जातो. तेच नाटक इचलकरंजीच्या घोरपडे नाट्यगृहात, गडहिंग्लजला, खाली कणकवलीला आचरेकर प्रतिष्ठानकडं नेलं तर पाच-सहा प्रयोग सहज होतील. पण फोन कोण करणार? टेम्पो कोण ठरवणार? दिग्दर्शकाला दुसऱ्या दिवशी बँकेत जायचं असतं. एवढ्या एका कामासाठी पगारी माणूस असता तर या जिल्ह्यातल्या नाटकाचं चित्र पाच वर्षांत बदललं असतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्या शिवाजी विद्यापीठात, पुण्याच्या ललित कला केंद्रात, मुंबईच्या अकादमीत पोरं नाटक शिकतात. पुढं काय? मालिका, नाहीतर ऑडिशनच्या रांगा. परत यायचं म्हटलं तर आईबाप विचारतात, इथं काय करणार? खोटं नाही त्यांचं. महापालिका अभियंता भरते, नर्स भरते, फायरमन भरते. सांस्कृतिक कामासाठी शिकलेल्या माणसाची जागाच नाही, मग अर्ज कशाला करायचा?

माझी सूचना साधी आहे. केशवरावसाठी पूर्णवेळ कला संचालक नेमा. पाच वर्षांची मुदत, जाहिरात देऊन, मुलाखत घेऊन. निवड समितीत रंगकर्मी, संगीतातली माणसं असावीत, नगरसेवक एखादाच. वर्षातले निदान ८० दिवस संचालकाच्या हातात राखीव, तिथं भाड्याचा व्यवहार नाही. कार्यक्रमासाठी वेगळी तरतूद, आणि वर्षाअखेरीस काय केलं, किती खर्च झाला, किती माणसं आली याचा हिशेब नाट्यगृहाच्या दारावर लावायचा. हाताखाली दोन तरुण पोरं शिकाऊ म्हणून, म्हणजे पुढचा संचालक गावातच तयार होईल.

लगेच कॉमेंट येणार, ‘कुणाचा तरी भाचा बसवतील.’ बसवतील की, आपण गप्प बसलो तर. पण आज तर भाचा पण नाही, खुर्चीच नाही. खुर्ची असली तर भांडता येतं, माहितीच्या अधिकारात विचारता येतं, पाच वर्षांनी बदलता येतं. दुसरी कॉमेंट, ‘आधी रस्ते करा.’ मान्य, रस्ते कराच. पण महोत्सवाच्या एका रात्रीसाठी मुंबईहून आणलेल्या कलाकारावर जो खर्च होतो, तेव्हा रस्ते कुणालाच आठवत नाहीत.

आणि कृपा करून हे पद ‘मानद’ करू नका. देवल क्लबसारख्या संस्था आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या पदरमोड करून चालवल्या गेल्या, त्या माणसांना दंडवत. पण महापालिकेच्या नाट्यगृहाला पदरमोडीची गरज नाही. दिवा लावणाऱ्या वायरमनला पगार देतो ना आपण?

नव्या इमारतीचं उद्घाटन होईल तेव्हा फीत कापायला गर्दी असेल. त्याआधी अंदाजपत्रकात ‘कला संचालक’ नावाची एक ओळ, तिच्यापुढं एक रक्कम, आणि भरतीची तारीख दिसली पाहिजे. तुमच्या प्रभागातल्या माणसाला एवढंच विचारा आणि तो काय म्हणाला ते खाली कॉमेंटमध्ये लिहा. मी सगळी उत्तरं गोळा करून पुढच्या आठवड्यात टाकतो.