आज जेवायला फास्टर फेणे!

दोस्तांनो, समजा, गोष्टीतल्या एकाच माणसाला आज रात्री जेवायला बोलवायचं आहे. कुणाला बोलवाल?

माझं ठरलंय. फुरसुंगीचा बनेश फेणे! भा. रा. भागवतांचा (१९१०–२००१) मानसपुत्र, आपला फास्टर फेणे. १९८७ मध्ये तो दूरदर्शनच्या मालिकेत दिसला, २०१७ मध्ये सिनेमात. पण माझ्या घरी येणार तो पुस्तकातलाच. अंगानं काडीपैलवान, सायकलवर वाऱ्यासारखा, आणि तोंडात ‘ट्टॉक!’

बेत साधाच. पिठलं, भाकरी आणि मिरचीचा ठेचा. स्वारी येते, पाटावर बसते आणि मी दुसरा घास घेईपर्यंत त्याची भाकरी संपतेसुद्धा! प्रतापगडावरच्या गमती होतात, चक्रीवादळाच्या होतात. मग मी हळूच विचारतो, “फेणे, तुला भीती नाही रे वाटत?”

“वाटते की! पण तू हे का विचारतोस?”

आता आली का पंचाईत! पाहुण्याशी खोटं कसं बोलायचं? मी सांगून टाकतो. सहावीत असताना आमच्या वर्गात एकाची कंपासपेटी हरवली. आळ आला भलत्याच मुलावर. पेटी कुणी घेतली ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. पण घेणारा दांडगट होता. मी मान खाली घालून बसलो. त्या बिचाऱ्यानं छड्या खाल्ल्या.

मला वाटलं, फेणे म्हणेल, ‘भित्रा कुठला!’ किंवा म्हणेल, ‘जाऊ दे रे, लहान होतास.’ पण त्याचा हात ताटातच थांबतो. तो एवढंच विचारतो, “त्या मुलाला तू नंतर सांगितलंस?”

मी गप्प. पिठलं गार.

आता गंमत बघा हं. फेणे काही खरंच आला नव्हता. त्याचा प्रश्नसुद्धा माझ्याच डोक्यातून निघाला होता. मग तो मला इतकी वर्षं कसा सुचला नाही? मला वाटतं, आवडत्या माणसासमोर बसलं की आपल्याला आपली लबाडी चटकन दिसते. शूर माणसाच्या गोष्टी नुसत्या वाचायच्या नसतात. कधीतरी त्याला समोर बसवून आपलीही गोष्ट सांगायची असते.

त्या रात्री मी जुन्या मित्रांकडून त्या मुलाचा पत्ता मिळवला आणि चार ओळी लिहिल्या. उशीर फार झालाय, ठाऊक आहे. उत्तर येईल की नाही, कोण जाणे. पण पत्र पेटीत पडलं तेव्हा आत आवाज झाला. शप्पथ सांगतो, अगदी ‘ट्टॉक!’ असा!

मग, तुम्ही कुणाला बोलावताय? बेत काहीही करा. फक्त एक अट: आजवर कुणालाच न सांगितलेलं असं काहीतरी त्या पाहुण्याला सांगायचं. तो काय म्हणाला, ते आम्हाला नाही कळवलंत तरी चालेल. आईबाबांना सांगितलंत, तर फारच छान!