एक आड की घरोघरी रांजण?

१/ सोलापूर–विजयपूर महामार्गावर मंद्रूप हे गाव आहे. संगणकाच्या लेखी या नावात सात संकेत आहेत: म, अनुस्वार, द, हलन्त, र, दीर्घ ऊकार, प. त्यांतून ‘द्रू’ हे जोडाक्षर घडवण्याचे काम फाँट एकट्याने करीत नाही. त्यासाठी एक लायब्ररी लागते. ती संगणकावर एकच असावी, की प्रत्येक प्रोग्रामने आपापली आणावी? 🧵

२/ लायब्ररी म्हणजे अनेक प्रोग्रामांना लागणारे तयार कोड. गावाचा एक आड असावा आणि सर्वांनी तेथून पाणी शेंदावे, ही सामायिक पद्धत. प्रत्येकाने आपला रांजण भरून घरात ठेवावा, ही सोबतच्या प्रतीची पद्धत.

३/ आडाची कल्पना जुनी आहे. १९६० च्या दशकात मल्टिक्सने ती मांडली. १९८५ च्या पहिल्या विंडोजमध्ये आणि १९८८ च्या सनओएस ४.० मध्ये ती आली. मेमरी आणि डिस्क महाग होत्या. एकच कोड दहा ठिकाणी ठेवणे परवडणारे नव्हते.

४/ पण विंडोजवर नवा प्रोग्राम सामायिक फाइलच्या जागी आपल्या सोयीची आवृत्ती टाकी आणि शेजारचा प्रोग्राम बंद पडे. या गोंधळाला ‘डीएलएल हेल’ हे नाव पडले. २००१ च्या विंडोज एक्सपीने एकाच लायब्ररीच्या अनेक आवृत्त्या शेजारी-शेजारी ठेवण्याची सोय केली.

५/ मराठीनेही हे अनुभवले. विंडोज २००० मध्ये युनिस्क्राइब ही सामायिक लायब्ररी देवनागरी जुळवू लागली. पुढे ऑफिस २००३ ने तिची अधिक नवी प्रत स्वतःसोबत आणली. परिणामी एकाच संगणकावर, एकाच फाँटमध्ये, एकच शब्द दोन प्रोग्रामांत दोन तऱ्हांनी उमटू शके. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, हा रांजणवाल्यांचा युक्तिवाद येथे खोटा नव्हता.

६/ आज हेच काम हार्फबझ करते. नावातील ‘हर्फ’ म्हणजे फारसीत अक्षर. फायरफॉक्स आणि क्रोम तिची प्रत सोबत आणतात. डेबियनमध्ये ती एकदाच बसवली जाते आणि बहुतेक प्रोग्राम तीच वापरतात. मराठी असो वा या सीमाभागातील कन्नड, एक दुरुस्ती झाली की सर्वांची अक्षरे सुधारतात.

७/ रांजणाची खरी किंमत सप्टेंबर २०२३ मध्ये दिसली. चित्रे उलगडणाऱ्या लिबवेबपी या लायब्ररीत गंभीर सुरक्षा-दोष सापडला. सामायिक प्रत एका अद्ययावतीत दुरुस्त झाली. पण जिने तो कोड पोटात बाळगला होता, त्या प्रत्येक अ‍ॅपला स्वतंत्र आवृत्ती काढावी लागली. आड उपसला, तरी रांजणातले जुने पाणी तसेच राहते.

८/ आडातच विष कालवले तर? मार्च २०२४ मध्ये एक्सझेड लायब्ररीत मुद्दाम पेरलेले चोरदार उघडकीस आले. धोका खरा होता. मात्र ते बहुतेक वितरणांच्या स्थिर आवृत्त्यांत पोहोचण्याआधीच सापडले, आणि वितरणांनी तातडीने जुनी आवृत्ती परत आणली. रांजण भरणाराही त्याच आडावर येतो. विषापासून तो सुटत नाही, फक्त त्याची सफाई उशिरा होते.

९/ मराठीचा सर्वांत कडू धडा युनिकोडपूर्व काळातला आहे. तेव्हा प्रत्येक फाँटसंचाची संकेतरचनाच निराळी होती. तो फाँट नसला की मराठी मजकूर रोमन अक्षरांचा काला होई. तेथे पाणीच नव्हे, मापही ज्याच्या-त्याच्या घरी होते. त्या काळचे कितीतरी मजकूर आजही रूपांतराविना वाचता येत नाहीत.

१०/ म्हणून निवाडा असा: अक्षरजुळणी, चित्रे, कूटलेखन हा पाया सामायिक असावा. रांजण अपवाद म्हणून चालेल. पण जो तो भरेल, त्याने दर दुरुस्तीनंतर तो धुण्याची जबाबदारीही घ्यावी. ज्या सेवाकेंद्रात एकच जुना संगणक आहे, तेथे दहा प्रोग्रामांच्या दहा शिळ्या प्रती तपासायला कोणी बसत नाही. दाखल्यावरचे ‘मंद्रूप’ मात्र दरवेळी अचूकच उमटले पाहिजे.